ज्याची त्याची बादली

आमच्या घराला संडासाची टाकी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्याला नाक मुरडायचं असेल त्यानं आत्ताच मुरडून घ्यावं आणि मग निवांत पुढे वाचावं. दिलसुखनगरच्या पलीकडे, जिथून तेव्हा बस वळून परत फिरायची आणि पुढे नुसते खडक नि सीताफळाची झुडपं होती, तिथं दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, प्लॉट घेतला. टपाल खात्यातला कारकून माणूस, त्याला हैदराबादेत स्वतःचं घर होणार याचंच इतकं अप्रूप की जमीन एवढी स्वस्त का, हे त्यांनी विचारलंच नाही. ते पाया खणताना कळलं. वीतभर मातीखाली सगळा अखंड दगड. पहार मारली की ठिणगी उडायची आणि पहार जशीच्या तशी हातात परत यायची. पाया त्या दगडावर झकास बसला, पण टाकीला खड्डा मिळेना. सुरुंग लावावा तर शेजाऱ्यांच्या भिंतींना तडे जाणार. गल्लीतल्या बाकीच्यांनी कमरेइतक्या उथळ टाक्या बांधून वेळ मारून नेली होती, आणि पावसाळ्यात त्या टाक्या तुंबून सगळं रस्त्यावर येत असे. आमची बोअर त्याच गल्लीत, त्याच दगडाच्या फटींतून पाणी ओढणारी. दादा म्हणाले, आपलंच आपण प्यायचं नाही.

मग त्यांनी झाकणाच्या लोखंडी बादल्या आणल्या. सुताराकडून एक लाकडी खोकं करून घेतलं, वर गोल भोक, आत बादली. बसायचं, आणि उठल्यावर बाजूच्या डब्यातला लाकडाचा भुसा ओंजळभर वरून टाकायचा, काही दिसणार नाही इतका. पाणी मात्र बादलीत पडता कामा नये. धुण्यासाठी शेजारी फरशीला उतार दिला होता, तिथं सरकून बसायचं, आणि ते पाणी भिंतीखालून केळीच्या आळ्यात जायचं. बादली भरली की मागच्या अंगणात विटा रचून केलेल्या कप्प्यात ओतायची, वर वाळला पाला, उसाचा चोथा, भाजीची देठं. एक कप्पा भरला की तो वर्षभर बंद आणि शेजारचा सुरू. वर्षानं त्याची माती होते. शेतकरी तिला सोनखत म्हणतात. ही युक्ती दादांनी कुठून आणली ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कधी म्हणायचे मासिकात वाचली, कधी म्हणायचे नांदेडकडे आमच्या गावच्या एका मळ्यात लहानपणी पाहिली. माणूस एरवी खोटं बोलायचा नाही, म्हणून आम्ही दोन्ही खरं मानत होतो.

मायला हे बिलकुल मंजूर नव्हतं. आम्ही बौद्ध. मायच्या घराण्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिनं आम्हाला भाताबरोबर भरवली होती: तिच्या आज्यानं गावाची घाण उचलायची सोडली. गावानं त्याचं काम बंद केलं, दळण बंद केलं, तरी त्यानं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली नाही. बादली घरात आली त्या दिवशी माय स्टोव्ह बंद करून, पदर खोचून मागच्या दारात उभी राहिली. मला तिचा आवाज अजून ऐकू येतो.

"त्या माणसानं उपास काढले, पण पाटी उचलली नाही. आन् तुम्ही शिकले-सवरलेले, सरकारी नोकरीतले, माझ्या घरात ही बादली आणता?"

"अगं, ती दुसऱ्याची होती," दादा म्हणाले. "ही आपली आहे. आपली आपण उचलली तर त्यात कमीपणा कामून?"

"बोलायला लई गोड आहे. मी हात लावणार नाही."

आणि तिनं लावला नाही. वापरायची ती बादलीच, दुसरं होतं काय, पण कडीला तिचं बोटसुद्धा लागलं नाही. बादली न्यायची ती दादांनी, नाहीतर मी, नाहीतर माझा धाकटा भाऊ सिधूनं. दादांनी तिला कधी आग्रह केला नाही. आम्हा पोरांना मात्र त्यांनी एकच नियम घालून दिला होता: बादली नेताना मान खाली घालायची नाही.

घरात सकाळचे आवाज ठरलेले. लांबून अजान, मग समोरच्या घरातला तेलुगू रेडिओ, मग मायच्या हातची भाकरी परातीत थापल्याचा आवाज, आणि त्याच्या मागोमाग बादलीच्या कडीची खणखण. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. रविवारी गौलीगुड्याकडून आणलेलं मटण, आणि त्या दिवशी आमची गल्लीसुद्धा आम्हाला श्रीमंत वाटायची. भुसा आणायला दादा अफझलगंजकडे जायचे. तिथल्या लाकडाच्या वखारीत आरा चालायचा, त्याचा ओलसर भुसा पोत्यात भरून ते सिटी बसमध्ये चढायचे. कंडक्टर ओरडायचा, "क्या साब, फिर लकडी का आटा?" दादा म्हणायचे, "हौ भाई, बच्चों को खिलाता मैं." अख्खी बस हसायची. मी त्यांच्याबरोबर असले की शरमेनं खिडकीबाहेर बघायचे, पण दादांच्या त्या हजरजबाबीपणाचा मला त्याही वेळी गर्व वाटायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पहिल्या पावसाळ्यात दादांचं शास्त्र जरा गडबडलं. ढिगावर पाला कमी पडला, पाणी झिरपलं, माशा झाल्या. माय स्वैपाकघराची खिडकी जोरात लावायची. दादांनी मग वर पत्रा टाकला, दिलसुखनगरच्या रसवंतीवाल्याशी दोस्ती करून उसाचा चोथा आणायला लागले, आणि ढिगात एक लोखंडी सळई खोचून ठेवली. सळई बाहेर काढल्यावर हाताला चटका बसला तर ढीग चांगला. थंडीत सकाळी पाला बाजूला केला की आतून वाफ निघायची. सिधू आणि मी त्यावर हात शेकायचे नाटक करायचो आणि माय आतून शिव्या घालायची.

माझी नात हे ऐकून म्हणते, "अय्यो आजी, सीरियसली? बकेट?" तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे मी लिहिते आहे ते तिला तिची आई वाचून दाखवेल. तिच्या फ्लॅटमध्ये बटण दाबलं की सगळं नाहीसं होतं आणि कुठं जातं ते विचारायचं नसतं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही की मात्र अख्खी सोसायटी नाक धरून जिन्यात उभी असते. मी काही बोलत नाही. म्हातारीनं प्रत्येक वेळी जिंकायचं नसतं.

शेजारी मूर्ती सार, म्हणजे तिकडच्या बोलीतले सर, राहत होते. वीज खात्यातून निवृत्त, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर गंध, कुंपणाला मोगऱ्याचे वेल. माणूस वाईट नव्हता. दादांशी कुंपणावरून राजकारण बोलायचे, मला गणितात अडलं तर समजावून द्यायचे. त्यांच्या बायकोला, सरोजम्मांना, आम्ही आंटी म्हणायचो. आंटी मायला अक्का म्हणायच्या, हळदीचं पान, कढीपत्ता, काय लागेल ते द्यायच्या. फक्त आमच्याकडे कधी चहा घेतला नाही. माय विचारायची आणि त्यांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असायचा. सकाळी विचारा, दुपारी विचारा, आत्ताच. माय दर वेळी हसून म्हणायची, बरं, आणि आत आली की भांडी आदळायची.

एका वर्षी पाण्याच्या नव्या लाइनीसाठी गल्ली खणली होती आणि तेव्हाच सारांची टाकी तुंबली. टाकी उपसायची मशीनची गाडी त्या चरांमुळे आत येईना. सारांनी कुणाला तरी सांगून माणूस बोलावला. सकाळी दोघं भाऊ आले, दोरी, फावडं आणि डबे घेऊन. मोठ्यानं शर्ट काढला, कमरेला दोरी बांधली. लोक नळावर रांगेत होते, सगळे नाक धरून मजा बघत होते. माय दारात मेथी निवडत बसली होती. तिनं दोरी पाहिली आणि ती मेथी निवडायची थांबली.

आम्ही गौलीगुड्यात भाड्यानं राहत असताना मागच्या बाजूच्या एका टाकीत उतरलेला माणूस वर आला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर फक्त गर्दी आहे, पण मायनं त्याला बाहेर काढताना पाहिलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस ती नीट जेवली नव्हती.

ती उठली, आमची लोखंडी खुर्ची एका हातात, मेथीची पाटी दुसऱ्या हातात, फाटकातून सरळ सारांच्या अंगणात गेली, टाकीच्या झाकणावर खुर्ची ठेवली आणि वर बसली. आणि मेथी निवडायला लागली.

"अम्मा, उठो ना," तो माणूस म्हणाला. "काम करके जाना है मेरेकू."

"आदमी अंदर नै जाता. मशीन बुलाव."

"मशीन नै आती अम्मा, गल्ली पूरी खोदके पड़ी है. मेरी रोजी जाती."

"तेरी रोजी सार देते," माय म्हणाली आणि सारांकडे वळली. "देते ना सार? तुमारा आदमी है, तुम बुलाए."

सार गोंधळले. "अक्का, ये लोग हमेशा करते. इनका काम हैच ये."

मायनं हातातली काडी खाली टाकली. "मेरे आज्याकू भी लोगां ऐसाच बोले थे, सार. तुमारा काम हैच ये."

नळाचं पाणी कुणाच्या तरी घागरीतून वाहायला लागलं तरी कुणी ती उचलली नाही. सारांनी आत जाऊन पैसे आणले. त्या माणसानं ते मोजून घेतले. मग त्यानं कमरेची दोरी सोडली, शर्ट घातला आणि "चलता अम्मा," म्हणून भावाला घेऊन निघून गेला. माय मेथी संपेपर्यंत तिथून उठली नाही. मला त्या क्षणी तिच्याविषयी काय वाटलं ते सांगायला शब्द कमी पडतात. एवढंच सांगते की मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, मोठमोठ्या साहेबांसमोर उभी राहिले, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात तीच लोखंडी खुर्ची मांडून बसले.

पण दुपार व्हायच्या आत व्हायचं तेच झालं. सारांच्या घरात संडास वर उसळला. उघड्यावर जावं तर घरं झालेली, खडकांच्या आडोशाला कामगारांचे तंबू. संध्याकाळी आंटी मागच्या दाराशी आल्या. डोळे लाल होते, त्यांच्या गुडघ्यांना वाताचा त्रास, धड उभंही राहवत नव्हतं. "अक्का," एवढंच बोलल्या आणि थांबल्या.

दादा लगेच पुढे झाले. त्यांच्या लाडक्या बादलीची महती अखेर गल्लीला कळणार म्हणून त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "या की, संकोच नको! एक खोकं जास्तीचं आहे, तुमच्या न्हाणीघरात ठेवून देतो. भुसा देतो. आणि बादलीची काळजी तुम्ही करूच नका. सकाळी मी येऊन घेऊन जाईन."

"तुम्ही नाही जाणार," माय म्हणाली.

ती फार हळू बोलली, म्हणून आम्ही सगळे दचकलो. दादांचा चेहरा उतरला. "अगं, म्हातारी माणसं..."

"खोकं द्या. भुसा द्या. ढीगपण आपलाच वापरू द्या, मी नाही म्हणत नाही. पण बादली ज्याची त्यानं आणायची. या घरातलं कुणी दुसऱ्याच्या बादलीला हात लावणार नाही. तुम्ही नाही, पोरं नाहीत." मग आंटींकडे वळून तिनं तेच त्यांच्या बोलीत सांगितलं, कुठलाही शब्द गोड न करता. आंटींनी मान खाली घातली आणि परत गेल्या. दादा रात्री जेवताना म्हणाले की तू कठोर आहेस. माय म्हणाली, हो. भाकरी दोघांनीही अर्धीच खाल्ली. सार येणार नाहीत, आणि शेजार कायमचा तुटणार, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं. मायलाही वाटत असणार, पण ती मागे हटली नाही.

सकाळी सारांनी खोकं मात्र मागून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी, ऐन नळाच्या वेळी, सारांचं फाटक वाजलं. धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, डोक्याला टॉवेल, अंगात बनियन, आणि हातात बादली. गल्लीतल्या बाया घागरी धरून बघत होत्या. सार कुणाकडे न बघता चर ओलांडत होते आणि बादली हिंदकळत होती, कारण त्यांनी जन्माच्या सवयीप्रमाणे बादलीतच पाणी घेतलं होतं. आमच्या फाटकापाशी ती सांडली, त्यांच्याच पायावर. वास सुटला. नळावर कुणीतरी हसलं. दादा धावणार तोच मायनं नुसता हात आडवा केला, आणि पायरीवरून स्वतःच बोलायला लागली.

"सार, बकेट में पानी नै डालना. बाजू में धोना. उसपे भुसा डालो पहले. हां, और. अब उदर कोने में डालो, बीच में गड्ढा करके. ऊपर पत्ते. नै नै, इतने में क्या होता, पूरा ढँकना."

आम्ही तिघं तोंडात बोट घालून उभे. जिनं कडीला हात लावला नव्हता, तिला सगळं पाठ होतं. इतके दिवस स्वैपाकघराच्या त्या आदळलेल्या खिडकीतून तिनं एकूण एक गोष्ट पाहिली होती. सारांनी सांगितलं तसं केलं. मग मायनं बोअरचं पाणी सोडलं, स्वतः तांब्या भरून त्यांच्या पायावर घातला, आणि म्हणाली, "कल से हल्की रहेगी."

दुसऱ्या दिवशी बादली हलकी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सार मान वर करून आले. आणि मग तर त्यांना नादच लागला. घरच्या आंब्याचा पाला पोत्यात भरून आणायचे, सळई काढून बघायचे, ढीग मधे उंच हवा की सपाट यावर दादांशी तावातावानं भांडायचे. नळावरचं हसणं कुठल्या दिवशी बंद झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. चर बुजले, मशीनची गाडी आली, टाकी उपसली गेली, तरी दोन-चार दिवस ते बादली आणतच राहिले. आंटी वैतागून दादांना म्हणाल्या, "इनको तुम बिगाड़ दिए."

तो कप्पा भरल्यावर दादांनी बंद केला. त्यावर पत्रा, पत्र्यावर दगड. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत तो उघडला तेव्हा आत काळी, भुसभुशीत माती होती, तिला पावसाळ्यातल्या शेताचा वास होता आणि तिच्यात गांडुळं वळवळत होती. दादा ओंजळीत माती घेऊन घरभर फिरले. माय लांबून बघत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. सार आणि आंटी. सारांच्या हातात तीच बादली, घासून लख्ख केलेली.

"अक्का," सार म्हणाले, "मेरा हिस्सा."

दादा हसत फावडं घ्यायला वाकले, पण माय त्यांच्या आधी पुढे गेली. तिनं पदर खोचला, फावडं बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी माती उचलून बादलीत भरायला लागली. ढेकूळ आलं तर फोडत होती, विटेचा तुकडा आला तर काढून टाकत होती. काठोकाठ भरल्यावर तिनं कडी धरली, पहिल्यांदाच, आणि बादली उचलून सारांच्या हातात दिली. "आता कशाचं काय," ती दादांना म्हणाली. "आता माती हाय ती." तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी पुन्हा फक्त एकदा पाहिला, मला पदवी मिळाली तेव्हा.

हात धुऊन येताना तिनं सवयीनं आंटींना विचारलं, "चाय?" आणि उत्तराची वाट न बघता आत निघालीसुद्धा.

"हौ अक्का, पीती मैं," आंटी म्हणाल्या आणि गुडघे धरून पायरीवर बसल्या.

माय उंबऱ्यात थांबली. मग आत गेली, आणि त्या दिवशी चहाला जरा जास्तच आलं पडलं. आंटींनी सावकाश चहा प्यायला. पिऊन झाल्यावर कप हातात घेऊन त्या नळाकडे निघाल्या, विसळायला. मायच्या आज्याला गावातल्या हॉटेलात आपला कप आपणच विसळून ठेवावा लागे, हे माय आम्हाला कितीदा तरी सांगत असे. ती झटकन पुढे झाली आणि आंटींच्या हातातून तिनं कप काढून घेतला.

"राहू द्या. आमच्या घरी पाहुण्यानं कप विसळायचा नसतो."

आणि तिनं तो स्वतः विसळला आणि आमच्या कपांत पालथा घातला.